शीग लावून परत

उस्मान चपराशी तालुक्याच्या कचेरीत परत आला. ही गोष्ट आपण ऐकलीच नाही असं धरून चला. कचेरीनंही तसंच धरलं.

एकोणीसशे सव्वीस सालच्या होळीआधी जंगलखात्याला माणूस कमी पडला, म्हणून कचेरीनं त्याला तीन महिन्यांसाठी उसना दिला. जाताना त्यानं सात नंबरचा पितळी बिल्ला काढून कचेरीच्या पेटीत ठेवला. अकरा वर्षं चिंचेनं घासलेला बिल्ला. मेडशीकडच्या रानात तीन महिन्यांचे चौदा झाले. मग एक दिवस जंगलवाले म्हणाले, "जा, तुझी परतफेड झाली." उस्मान आनंदानं पायीच निघाला. बायकोला, मेहरबीला, पुढं निरोपही धाडला : उद्यापासून दुपारची भाकर कचेरीत आणून दे.

कचेरीच्या दारात सात नंबर उभा होता. बिल्ला चकचकीत, आणि बिल्ल्यामागे कोणी भलताच.

"हा कोन?" उस्माननं हेडकारकून रतनसिंगांना विचारलं.

"तू." त्यांनी मान वर केली नाही.

"मंग मी कोन?"

"शेजारीण तुह्या घरून वाटीभर पीठ उसनं नेते. तेच पीठ वापस आणते काय?"

"नाही जी. ते त खाऊन टाकते."

"हां. दुसरं आणते, अन् काठावर ढीग करून, शीग लावून आणते. जंगलखात्यानं तुले वापरलं, अन् बदल्यात हा रूपला भरून देल्ला. शीग पाह्य, तुह्याहून दोन बोटं उंच हाये. आमी पावती देऊन बसलो."

आधी उस्माननं एक हात चाचपला, मग दुसरा. दोन्ही होते.

"बाबूसाहेब, मी सरलो नाही जी. हा पाहा, अख्खा आहो."

"कागदावर खर्ची पडला तू. जंगलखात्यात जाऊन विचार."

"तिथूनच त आलो!"

"मंग झालं त."

दारातून रूपला हळूच म्हणाला, "घाबरू नको भाऊ. मी पोस्टाचा आहो. मलेबी जंगलवाल्यायनं उसनंच नेलं होतं. काल पोस्टात जाऊन पाह्यलं, त माह्या जागी एक शिंपी भरून देल्ला. चिठ्ठ्या वाटून राह्यला. वाचता येत नाही त्याले."

उस्मान बाहेर गेला. पिंपळाखालच्या अर्जनवीसाकडून त्यानं अर्ज लिहवून घेतला. अर्ज साहेबांपुढं नेऊन ठेवायचं काम सात नंबरचं. रूपलानं तो दोन्ही हातांनी घेतला. अर्जाच्या शेवटी लिहिलं होतं :

"तरी मेहेरबान हुजुरांनी, सदर अर्जदार अद्याप खाल्ला गेलेला नाही याची जातीनं तपासणी करून, त्यास मूळ वाटीत परत ओतण्याचा हुकूम व्हावा. शीग माफ असावी."