वखरावरचं वजन

ज्यांनी या माळावर तोफांचा सराव केला, त्यांनी न फुटलेले गोळे मातीत तसेच सोडले आणि वर पाटी ठोकली : धोका. धोका पेरला कोणी, हे पाटीवर लिहायची हिंमत त्यांच्यात नव्हती. मनकर्णाबाईचं वावर मात्र पडीत राहिलं.

आज ती वावराच्या कडेला, धुऱ्यावर उभी होती आणि खूश होती. बाळापूरच्या आरजूने, कॉलेजात असली यंत्रं शिकलेल्या पोरीने, तारांच्या वेटोळ्याची हातगाडी साऱ्या वावरातून फिरवली होती. तिने रोवलेल्या लाल झेंड्यांखालचे गोळे फौजेची माणसं काढून घेऊन गेली. आता उरले होते पांढरे झेंडे.

"यायच्याखाली काय हाय?"

"लोखंडच, मावशी. पण भंगार. ते राहू द्यायचं."

"लोखंड हाय अन् राहू द्यायचं?"

"गाडी जमिनीले विजेचा ठोका देते, अन् चूप बसून ऐकते. खालचं लोखंड किती वेळ बोलते ते. पातळ पत्रा लगेच गप्प होते. जाड गोळा बोलतच राहते."

"म्हंजे आमच्या देरावानी. बाटली सरते, बडबड नाही सरत."

"बिलकुल!" आरजू खिदळली. "तसे बडबडे सारे उचलले."

मनकर्णाबाईही हसली. पण तिचा एकुलता सहदेव बैल जुंपून, अनवाणी, वखरामागे उभा होता. त्या झेंड्यांवरून जायचं होतं ते त्याला. तिचं हसू तिथंच अडकलं.

आरजूने ते पाहिलं. ती वावरात शिरली आणि वखरावर चढून बसली.

"हाक रे, भाऊ."

बैल निघाले. पहिला पांढरा झेंडा वखराखाली गेला. दुसरा गेला. पुढे एक गंजका पत्रा वर आला. सहदेवने तो उचलून धुऱ्याकडे भिरकावला. मागे काळी माती उघडी पडत चालली. मनकर्णाबाईने पदर तोंडाला लावला, तरी गालांवरचं हसू काही लपेना.

या कामावरचे साहेब सडकेवर जीपला टेकून उभे होते. तिच्या तोंडावरचा पदर पाहून ते म्हणाले,

"बाई, वावर साफ आहे. तसं लिहून मी सही केली. आता कसली भीती?"

"भीती कायची, साहेब! पण हे पोरगी पडली काडीवानी. वखर वरच्या वरच घसरून राहिलं. वजन पाहिजे त्याच्यावर." तिने साहेबांना बुटापासून पोटापर्यंत नीट न्याहाळलं. "तुमचं चांगलं भरलेलं हाय. बसता का नाही, तेवढं बोला."