वाढवलेली गोळी

“‘बंद’ लिहायचं नाही,” सासरे म्हणाले.

सुनेचा हात थांबला. कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या तक्त्यात नऊ औषधं होती. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन रकाने. पाचव्या ओळीत साखरेची गोळी, रोज सकाळी एक. सासऱ्यांचं जेवण चिमणीएवढं झालेलं, किडन्या थकलेल्या. आता साखर चढण्यापेक्षा उतरण्याचीच भीती जास्त, ही गोळी थांबवा, असं डॉक्टरांनी आजच दोनदा बजावलं होतं.

“मग काय लिहू, बाबा?”

“वाढवली, असं लिही. चाळीस वर्षं कापडाच्या दुकानात बसलो. रोज संध्याकाळी दुकान वाढवलं, बंद कधी केलं नाही. आता सकाळी डोळे उघडले की समोर ‘बंद’? अजून चालू आहे म्हटलं मी!”

पलंगाच्या कडेला बसून सासूबाई त्यांच्या पायांना तेल चोळत होत्या. त्या हसल्या. “लिही बाई त्यांच्या मनासारखं. लग्न होऊन आलीस तेव्हा तूही ‘दिवा विझवू का’ म्हणाली होतीस. विझवू नये, वाढवावा, असं मीच तुला सांगितलं.”

“ही सांगणार!” सासरे म्हणाले. “एकदा दुकानात बसवली, तर गिऱ्हाइकाने वारभर मागितलं आणि हिने मीटरभर फाडून दिलं. भर दुकानात कान धरायला लावले हिला. तेव्हापासून दुकानात पाऊल नाही आणि माझ्या गोळ्यांना हात नाही. डोक्याने कच्ची, पण हाताला गुण आहे हो.”

सगळे हसले. सासूबाईही हसल्या आणि तेलाची वाटी त्यांनी दुसऱ्या पायाकडे सरकवली.

सुनेने लिहिलं, “वाढवली.”

दुसऱ्या दिवशी तिला कार्यालयाच्या प्रशिक्षणासाठी चार दिवस परगावी जायचं होतं. एरवी आठवड्याच्या गोळ्या ती स्वतः खणांच्या डब्यात भरून ठेवायची. या वेळी गाडी गाठायची घाई. सासऱ्यांच्या देखभालीला नव्याने ठेवलेल्या बाई दारात आल्या, तेव्हा तिचा एक पाय चपलेत होता. या बाईंना घरातले मावशी म्हणू लागले होते.

“मावशी, सगळं तक्त्यात आहे. त्याप्रमाणे द्या,” ती म्हणाली. साखरेच्या गोळ्यांचं पाकीट बाकीच्या पाकिटांमध्येच राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्याचा फोन आला. “बाबा झोपेतून उठत नाहीयेत. घामाने गादी भिजलीय. तू नीघ.”

ती पोचली तेव्हा सासरे इस्पितळात होते, नळ्यांमध्ये. साखर अठ्ठावीसवर उतरली होती, कळायला उशीर झाला होता.

“बंद केलेली गोळी दिली कशी?” डॉक्टरांनी विचारलं. “आणि किती?”

“दोन, रोज,” सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. “तक्त्यात ‘वाढवली’ लिहिलं होतं ना. ही बिचारी नवीन. तिला आमच्या घरची बोली काय ठाऊक?”

मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. सगळे सुनेकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे देवाघरी गेले.

नवरा बायकोशी चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी, भेटायला आलेल्या माणसांनी खोली भरलेली असताना, बोलला.

“एक शब्द सरळ लिहिता येत नाही तुला? बंद तर बंद! दोन अक्षरं!”

“बाबांनीच सांगितलं होतं...”

“गेलेल्या माणसावर ढकलतेस? बॅग भर. तुझ्या आईकडे जा. परत कधी यायचं ते मी कळवीन. नाही कळवलं, तर तेही समजून घे.”

उठल्या त्या सासूबाई. त्यांनी सुनेचं डोकं छातीशी धरलं.

“तिला कुणी टाकून बोलायचं नाही. माझं माणूस गेलंय, तुमच्यापेक्षा मला जास्त लागलंय. लेकरू आहे, चुकलं. मी माफ केलंय तिला.”

बायकांनी डोळे टिपले. कुणीतरी म्हणालं, देवमाणूस आहेत हो. सून त्यांच्या कुशीत हुंदके देऊन रडली. इतकं मोठं मन या बाईने इतकी वर्षं कुठे ठेवलं होतं, असं तिला वाटलं. बॅग मात्र भरावीच लागली. सासूबाईंनी माफ केलं होतं, नवऱ्याने नाही.

ती बॅगेची चेन ओढत होती, तेव्हा मावशी आपली राहिलेली चादर न्यायला आल्या. त्यांचंही काम सुटलं होतं. आता कुठल्याच घरात त्यांना कुणी उभं करत नव्हतं.

सुनेने त्यांचा हात धरला. “माझ्यामुळे तुमच्यावर बालंट आलं, मावशी. ‘वाढवली’ वाचून कुणीही दोनच दिल्या असत्या.”

मावशींनी दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

“कुणी विचारलंच नाही हो मला, वहिनी. मी नव्हते देणार. आमच्या घरीही दिवा वाढवतात. मी पहिल्याच सकाळी पाकीट हातात घेऊन आजींना विचारलं, ‘वाढवली म्हणजे थांबवली ना?’”

“मग?”

“त्या तेल गरम करत होत्या. म्हणाल्या, ‘छे गं, दोन.’”