गरमीवरचा काढा

वनमालाताईंनी निवत ठेवलेलं काढ्याचं पातेलं अंगणात भिरकावलं. छे, असं काही झालंच नाही. दाराशी बांधलेली पांढरी बकरी आपल्या मनानेच तपकिरी झाली.

पाळी जायच्या वयात ताईंच्या अंगातून वाफा निघायच्या. म्हणून त्यांच्या यजमानांनी, देवीदासरावांनी, राळेगावच्या बाजारातून शतावरी आणि अशोकाची साल आणून दिली. भर मे महिन्यात, टिनाच्या स्वयंपाकघरात ती रोज तासभर उकळायची होती. अर्थात ताईंनीच.

"मले तं गॅसपाशीच जास्त गरम होते," ताई म्हणाल्या.

देवीदासरावांनी बैठकीत कुलरसमोर पडल्या पडल्या जडीबुटीवाल्याला फोन लावला आणि मोठ्या गंभीरपणे निरोप दिला, "मंग दोनदा उकळजो म्हणते तो. गरमी लय मुरली हाय तुह्या अंगात."

बकरीचा रंग बदलला तो यानंतर.

 

रिकामं पातेलं हातात धरून ताई बैठकीच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तरी मेहेरबान साहेबांनी सदर कुलरचं तोंड आजपासून स्वयंपाकघराकडे वळवण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती."