खंडोबाच्या नावाचं बिल

"हे खंडेराव कोण?" कर सल्लागार मनस्विनीनं लॅपटॉपवरून मान वर केली. "पाडव्याला त्यांना ट्रॅक्टरची ट्रॉली विकलीय. पत्ता नुसता 'देऊळ, करमाड'."

माऊलीनं खाली पाहिलं. त्याचा बाप पुंजाराम मात्र खुर्चीत सरसावून बसला.

"खंडेराव म्हंजी आमचा खंडोबा, ताई. पोराचा ट्रॉल्यांचा कारखाना पाडव्याला सुरू झाला. पयलं बिल देवाच्या नावानं फाडायचं, ही आपली रीत."

"आणि ट्रॉली?"

"ट्रॉली कशाला देतोय? देवाला काय ऊस वाहायचाय? नुसतं बिल. आता देवाच्या नावानं हलकी चीज लिवावी का? म्हणून सगळ्यांत महागाची लिवली."

मनस्विनीला हसू आवरेना. हेच बिल हातानं फाडून देव्हाऱ्यात ठेवलं असतं, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण माऊलीनं ते कॉम्प्युटरवर बनवलं होतं, आणि कॉम्प्युटरला देव काय नि भक्त काय, सगळे सारखेच. त्याच्या लेखी खंडोबा ट्रॉली घेऊन गेला होता आणि तिच्यावरचा कर माऊलीनं भरायचा होता.

"रिटर्नची मुदत उद्या संपतेय. आज आलात हे नशीब," ती म्हणाली. "माल गेलेला नाही, रिटर्नही भरलेलं नाही. आत्ता बिल रद्द करते, विषय संपला."

"रद्द?" पुंजारामचा चेहरा खर्रकन उतरला. "नाय नाय, ताई. लागंल तेवढा कर भरू, पण देवाचं बिल रद्द नाय करायचं. पयल्याच बिलाला आसला अपशकुन? अवं, पोरानं शेंद्र्याच्या कंपनीतली नोकरी सोडलीय ह्याच्यापायी!"

पोटातलं ओठावर आलं. माऊलीनं नोकरी सोडली तेव्हापासून पुंजारामच्या जिवाला घोर लागला होता. गावात तो छाती काढून पोराचं कौतुक सांगायचा आणि तसाच देवळात जाऊन हात जोडायचा. त्याची सगळी मदार त्या एका बिलावर होती.

"आबा, तेवढ्या करात माझा महिन्याचा लोखंडी पत्रा येतोय," माऊली वैतागून म्हणाला.

मनस्विनीनं लॅपटॉप बाजूला सारला. "काका, एक सांगा. उद्या तुमच्या नावानं कुणी बिल फाडलं आणि माल दिलाच नाही, तर त्याला काय म्हणाल?"

"लबाड म्हणीन. आजूक काय?"

बोलून झालं आणि पुंजाराम चपापला. टोपी काढून त्यानं डोकं खाजवलं.

"आयला," तो पुटपुटला, "म्हंजी मी देवालाच गंडवलं की! करा, ताई. करा रद्द."

मनस्विनीनं बटण दाबलं. बिल रद्द झालं; बाकी काहीच झालं नाही. पंखा फिरत होता तसाच फिरत राहिला. पुंजारामनं मोकळा श्वास सोडला. मग बंडीच्या खिशात हात घालून त्यानं पैसे काढले आणि माऊलीपुढं ठेवले.

"आता खरं बिल फाड. देवळापुढं बसाया एक बाकडं. लोखंडी."

"देवाच्या नावानं?"

"नाय. माझ्या."

माऊली ओशाळला. "आबा, तुमच्याकडून काय पैसे घ्यायचे? घरचंच हाय. तसंच करून देतो."

"का? फुकट घ्याया मी काय पाव्हणा हाय? गिऱ्हाईक हाय मी," पुंजाराम म्हणाला. "कराचे पैसे बी लाव. आन् बाकडं डगमगलं तर परत आणून टाकीन."

माऊलीनं बापाकडं पाहिलं. मग त्यानं पैसे उचलले आणि नीट सावरून बसला.

"किती माणसं बसणार?" त्यानं विचारलं.