घड्याळजी पाय तपासतात

"डावा पाय द्या, बाईसाहेब," घड्याळजी म्हणाले आणि त्यांनी डोळ्याला भिंग लावलं.

बायकोने पाय त्यांच्या मांडीवर ठेवला. कोमट पाण्याने धुतलेला, बेचक्यांतून टिपून कोरडा केलेला.

"नीट बघा हं. मागच्या वर्षी उजव्याची करंगळी गेली. उरलेली नऊ बोटं तरी वर जाताना बरोबर न्यायची आहेत मला."

"पन्नास वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा बघितल्या मी. तुझा पाय म्हणजे काय, भिंतीवरचं घड्याळ!"

त्यांनी अंगठा तळव्यावरून फिरवला. एकेक बोट बाजूला करून बघितलं.

"स्वच्छ. गुलाबी. नव्या बाळासारखा."

"बाळाला एवढे घट्टे असतात होय? टाच बघितली का?"

"बघितली."

"परत एकदा बघा."

त्यांनी परत भिंग लावलं. टाचेवर बराच वेळ वाकले. "काही नाही गं. उगाच शंका काढतेस."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि पायात मोजा चढवला.

अकरा वर्षांच्या साखरेने तिचे दोन्ही पाय बधिर करून टाकले होते. चटका बसो, काटा बोचो, पाय गप्प. दवाखान्यातली नर्स दर वेळी बजावायची, "आजी, पाय बोलत नाहीत ना, मग डोळ्यांनी विचारायचं. रोज. एक दिवस चुकवायचा नाही." हिची कंबर धरलेली, वाकून तळवा दिसायचा नाही. म्हणून ते काम नवऱ्याकडे आलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं. कंटाळा आला म्हणाले. तेव्हापासून दिवसाकाठी त्यांना एवढं एकच काम होतं. आंघोळ करून, भांग पाडून, धुतलेला सदरा घालून ते त्या कामाला बसत. दुकान उघडल्यासारखे.

त्या सोमवारी लेक कामावर जाता जाता डोकावली, तर आईचा पट्टा चालूच होता.

"चहा उजव्या हाताला ठेवलाय, सांडू नका. आणि स्टूल मध्ये आहे, वळसा घालून या. घरात माणूस चालतोय की बैल शिरलाय, कळत नाही!"

घड्याळजींनी निमूटपणे वळसा घातला.

"आई, किती टोचतेस गं त्यांना! श्वास तरी घेऊ देत जा."

"चाळीस वर्षं बोलतेय. आता गप्प बसले तर घाबरतील ते."

"ते राहू दे. उद्यापासून तुझे पाय मी बघत जाईन. जाताना पाच मिनिटं थांबले की झालं. आता दाखव बघू."

लेक खाली बसली. आईने पाय झटकन खुर्चीखाली ओढला.

"तुझे डोळे मोबाइलवर. माझे पाय माझा नवरा बघतो. त्यांच्यासारखी नजर गावात नाही कुणाची."

खिडकीपाशी चहा पिणारे घड्याळजी जरा ताठ बसले. लेकीने कपाळावर हात मारला आणि निघून गेली.

शुक्रवारी तपासणीची तारीख होती. तिघंही दवाखान्यात गेली. नर्सने मोजा उतरवला आणि तिचा हात थबकला. टाचेखाली काळा डाग होता, भोवती लालसर-निळी सूज, घोट्यापर्यंत चढलेली.

"आजी, काहीतरी टोचलंय. काच असेल, नाहीतर टाचणी. रोज कोण बघतं पाय?"

घड्याळजींनी तोंड उघडलं. पण बायकोने त्यांना बोलूच दिलं नाही.

"हेच बघतात. सकाळी बघितला तेव्हा स्वच्छ होता. त्यानंतर मी अनवाणी हिंडले. आजच टोचलं असणार."

"आज? हे पाच-सहा दिवसांचं आहे, आजी."

"पाय कुणाचा, तुझा की माझा? आजच, म्हटलं ना."

नर्स धावत डॉक्टरांना घेऊन आली.

विष हाडात उतरलं होतं. दोन दिवस सलाइन लावून बघितलं. तिसऱ्या दिवशी पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

लेक आईशी बोलेना. जेवणाचा डबा ठेवायची, औषधं द्यायची, तोंडातून शब्द नाही. जाताना एकदाच म्हणाली, "तुझ्या हट्टाने खाल्ला तुझा पाय. मला एकदा बघू दिलं असतंस तर?"

एरवी एकाला चार ऐकवणारी बाई, पांघरुणाच्या सपाट भागाकडे बघत राहिली.

पाचव्या दिवशी लेक आली ती रडून डोळे लाल करूनच. बाप बाहेर बाकावर बसला होता. ती पलंगाशी टेकली आणि आईचा हात घट्ट धरला.

"आई, माझं चुकलं गं. तुला नको ते बोलले. तुझा काही दोष नाही." तिला हुंदका आवरेना. "त्या दिवशी ऑपरेशनच्या कागदावर बाबांनी सही केली ना, ती कागदावर नव्हतीच, टेबलावर केली. काल मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांना दिसत नाही, आई. दोन वर्षं. उजेड-अंधार तेवढा कळतो. आणि रोज भिंग लावून तुला सांगायचे, स्वच्छ आहे म्हणून! तू बिचारी विश्वास ठेवत गेलीस."

आईने मान वळवून बाहेरच्या बाकाकडे बघितलं.

"आधी दार लाव," ती म्हणाली.

लेकीने दार लावलं.

"टाचेवरचा ठिपका मला रविवारीच दिसला होता, कपाटाच्या आरशात. म्हटलं, शुक्रवारी नर्स बघेलच, पाच दिवसांनी काय होतंय. मी आधी तोंड उघडलं असतं, तर त्यांना कळलं असतं ना, की त्यांना दिसत नाही हे मला ठाऊक आहे."