खांद्याचं माप

“‘नाही’ म्हटल्यावर ज्याला हसू येतं, अशा माणसाच्या घरात जाऊ नकोस,” असं डार्सीला तिच्या बहिणीने लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं. डार्सीने ते हसण्यावारी नेलं होतं.

आता शनिवारी भर दुपारी ती गावातल्या बंदुकांच्या दुकानात, भिंतीवर टांगलेल्या एल्क सांबराच्या मुंडक्याखाली उभी होती. काउंटरवर दोन रायफली मांडलेल्या होत्या. दोन्हींना लाकडाचा दस्ता नव्हता. त्या जागी अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा होता, नळीखालून थेट खांद्यापर्यंत गेलेला. पलीकडे बर्निस होती, दुकानाची मालकीण, साठी उलटलेली, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

“मिसेससाठी बघतोय,” डार्सीचा नवरा कोल्टर म्हणाला. “शिकारीचा हंगाम तोंडावर आलाय. तिला लांबचा नेम शिकायचाय.”

वसंतात त्याने डार्सीचं मनगट मोडलं, तेव्हापासून कोर्टाने कोल्टरला बंदूक बाळगायची मनाई केली होती. म्हणून कागदावर नाव तिचं. कुठल्या रायफलीवर बोट ठेवायचं आणि काय बोलायचं, हे त्याने गाडीत तिच्याकडून तीनदा म्हणून घेतलं होतं.

“ही,” डार्सीने काळ्या रायफलीवर बोट ठेवलं. मग, गाडीत न ठरलेलं, एकदम विचारलं, “पण हातानं बांधून मिळते ना? माझ्या मापाची?”

“मिळते की. कारागीर आहे आमचा. पण पुढचा मे उजाडेल.”

“मग मी थांबते. मला ही तयार नको.”

कोल्टर हसला. मोकळं, चारचौघांत शोभणारं हसला. “ऐकलंत बाई? साधा टोस्ट होईपर्यंत थांबवत नाही हिला, आणि रायफलीसाठी मेपर्यंत थांबणार! अगं, कारखान्यातून आलेली ही हजार यार्डांवर बशीला भोक पाडते. सावज कितीही लांब पळू दे.” शेवटचं वाक्य त्याने बर्निसकडे बघून म्हटलं नाही.

त्याचा फोन वाजला. फोटो आला होता; त्याने पडदा डार्सीपुढे धरला. त्यात तिची मुलगी टिली ट्रेलरच्या, चाकांवरच्या घराच्या पायरीवर बसली होती, एका पायात बूट, एक पाय अनवाणी. तिच्या मागे दारात कोल्टरचा भाऊ रॉय, नुसते पाय दिसत होते.

“रॉय विचारतोय, अजून किती वेळ,” कोल्टर म्हणाला. “पोरगी आईचा धोशा लावून बसलीय म्हणे. काम लवकर आटपलं की लवकर भेटेल.”

डार्सीने मान हलवली. “चालेल. हीच द्या.”

“घाई नको पोरी. आधी अंगाला लागते का बघू.” बर्निसने काळी रायफल उचलली, गोळी भरायची दांडी मागे ओढून रिकामी असल्याची खात्री केली आणि दस्त्याचं टोक डार्सीच्या कोपराच्या खळीत टेकवलं. “आता बोट चापाकडे ने.”

डार्सीचं बोट दोन इंच अलीकडेच राहिलं.

“लांब होतेय.” बर्निसने बाजूची कळ दाबून दस्ता आत सरकवला, गालाखालची पट्टी वर घेतली, पुन्हा माप घेतलं. “आता बसली. सशासारखी पोटाशी बसली बघ.”

डार्सीने ती खाली ठेवली. कोल्टरने उचलली, सहज, बोलता बोलता. “त्या डबीतल्या गोळ्या कुठल्या ठेवता तुम्ही? गेल्या वेळी ओल्या निघाल्या होत्या,” असं विचारत त्याने न बघताच कळ दाबली, दस्ता दोन इंच बाहेर ओढला, पट्टी खाली केली आणि रायफल स्वतःच्या खांद्याला लावून पाहिली. बरोबर बसली.

बर्निसने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. त्याच्या खांद्याकडे पाहिलं, मग डार्सीच्या मनगटाकडे, जिथे उन्हाळाभर प्लास्टर होतं तिथली कातडी अजून फिकी होती.

“गोळ्या मागच्या भिंतीला आहेत,” ती म्हणाली. “तुम्ही बघा निवडून. कागद बाईसाहेबांनी एकटीनं भरायचा. त्यावर कुणी वाकून बघितलेलं मला चालत नाही.”

“असा कुठं नियम आहे?”

“माझ्या दुकानात आहे. तुझ्या बापालाही लावला होता मी.”

कोल्टर पुन्हा हसला आणि गेला. पंधरा पावलं. तिथून त्याला डार्सीचं तोंड दिसत होतं, हात दिसत नव्हते.

बर्निसने सरकारी कागद पुढे सरकवला. नाव. पत्ता. जन्मतारीख. डार्सीने कॉलेजातल्या सुबक अक्षरात सगळं भरलं. मग बर्निसचं बोट एका ओळीवर येऊन थांबलं. ही बंदूक तुम्ही खरोखर स्वतःसाठीच घेत आहात का?

“हा प्रश्न नीट वाच,” ती हळूच म्हणाली. “इथे ‘नाही’ आलं तर मी विकत नाही. कुणालाच.”

“झालं का गं?” मागून कोल्टर ओरडला. “का स्पेलिंग अडलं?”

“झालंच,” डार्सी म्हणाली. तिने तोंडावर हसू ठेवलं, तो बघत होता म्हणून. विक्री मोडली की तो आधी रॉयला फोन करील, हे तिला ठाऊक होतं.

तिने ‘नाही’ वर खूण केली. मग कागद न उचलता, पेन न थांबवता, कडेच्या कोऱ्या पट्टीत बारीक अक्षरात लिहिलं आणि तो बर्निसकडे वळवला.

‘एवढ्यात काही बोलू नका. गोळ्या दाखवत बसा. दगडखाणीच्या रस्त्याला पाण्याच्या टाकीमागे पांढरा ट्रेलर आहे. आत दिराने माझी मुलगी अडकवून ठेवलीय, टिली, तीन वर्षांची. माझं मागाहून बघा. आधी कुणीतरी जाऊन तिला बघून या.’