खालची वाट

फोनकडे गेलेला हात कुमुदताईंनी पुन्हा मागे घेतला. आतल्या खोलीत सुनेची, ऋचाची, इंटरनेटवरून गाण्याची शिकवणी चालली होती. पूर्वी रिसीव्हर उचलला की इंटरनेट तुटायचं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. दिवसभर शिकवण्या, म्हणून सावंतवाडीच्या अक्काशी कितीतरी दिवसांत बोलणंच नाही. अक्काचाही फोन नाही. रुसली असणार.

शिकवणी संपल्यावर त्यांनी हे सांगितलं, तेव्हा ऋचाला हसू फुटलं.

"अहो आई, आता तसं नाही. वायर एकच, पण आपलं बोलणं खर्जात जातं आणि इंटरनेट इतक्या वरच्या सुरात, की कानाला ऐकूच येत नाही. ही भिंतीवरची डबी दोघांना वेगळं करते. खुशाल बोला."

कुमुदताईंनी डोळे मिटले. कोल्हापूर सोडून, खांबाखांबांवरून घाट उतरत जाणारी वायर त्यांना दिसली. वरून चांदण्यासारखं काहीतरी सळसळत चाललेलं, आणि खालून, पायवाटेनं, दोघी बहिणी सावकाश.

पुढची शिकवणी चालू असतानाच त्यांनी धीर करून नंबर लावला. आतलं गाणं थांबलं नाही.

"कुमे, ठेव लवकर!" पलीकडून अक्का कुजबुजली. "नातवाचा अभ्यास चाललाय इंटरनेटवर, तुटेल गं. म्हणून तर मी फोन करत नाही."

कुमुदताईंचे डोळे भरून आले.

"मोठ्यानं बोल, अक्का. ती मंडळी वरून जातात. खालची वाट आपलीच आहे."